दोघींचे मिळून दोन पाय : मनोरी ते बोरिवली

मुलुंडच्या बाईने मनोरीचं प्रवासवर्णन लिहावं यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी काश्मीर नाहीतर उटी करून येतात, जेवणाच्या सुट्टीत अल्बम उघडतात आणि आम्ही एकमेकींच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या नवऱ्यांचे बर्फातले फोटो बघतो. मनोरीचा अल्बम कोण बघणार? मुंबईतच तर आहे, सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला माणूस पोचतं. पण एक पाय आणि दोन कुबड्या घेऊन निघालं तर मनोरीही बऱ्यापैकी लांब पडते. त्यातून मी ज्या कामासाठी गेले होते, ते काम मनात घेऊन बसलं की बस पुढे सरकतच नाही असं वाटायचं. म्हणून लिहिते आहे.

पायाचं आधी सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचं लक्ष तिकडेच राहील. विशीत असताना माझ्या डाव्या मांडीच्या हाडाला कॅन्सर झाला. पाय कंबरेपासून काढला आणि मग कित्येक महिने शिरेतून एक लाल औषध दिलं, रंगाने अगदी कोकम सरबतासारखं. पुढे कितीतरी वर्षं मी कोकम सरबताला तोंड लावलं नाही, आणि मालवणी घरात हे म्हणजे धर्म बुडवल्यासारखंच. वॉर्डात शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची, मनोरीची फिलोमिना होती. तिला तोच आजार, तेच लाल औषध. फक्त तिचा उजवा पाय गेला होता. दोघींचे मिळून दोन पाय उरले आणि ते निघाले एकाच मापाचे. फिलूनेच शोध लावला, "सुमे, आपल्याला आता एक जोड पुरतो गं!" तेव्हापासून दर वर्षी मी घाटकोपरच्या बाजारातून एकच चप्पलजोड घेते, उजवी माझी आणि डावी तिची. दुकानदाराला अजून काही कळलेलं नाही. मला कृत्रिम पायही करून दिला होता, पण कंबरेला बांधायच्या त्या पट्ट्यांचं लफडं मला झेपलं नाही. तो पाय घरी कपाटाशेजारी उभा असतो आणि आई त्याला छत्री अडकवते.

वार्षिक तपासणीला आम्ही दोघी भेटायचो. पाच वर्षं झाली, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि आमचं जाणं सुटलं. मग चप्पल पोस्टाने जायला लागली.

दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना दम लागायला लागला. मी सगळा राग कुबड्यांवर काढला. दोन हातांवर अख्खं अंग उचलून चालणाऱ्या बाईला दम लागणारच, यात विचारायचं काय? कुबड्या बदलल्या, हलक्या घेतल्या, खालची रबरं बदलली, बगलेतली गादी नवी शिवली. शेवटी एक्स्चेंजच्या दुसऱ्या मजल्यावर मी खाली बसले ती उठेचना. तेव्हा कळलं की कुबड्या बिचाऱ्या निर्दोष आहेत, दमलंय ते हृदय. त्या लाल औषधाने जीव वाचतो, पण काहींच्या हृदयाच्या स्नायूंना ते दुखवून जातं आणि ते दुखणं कधीकधी फार वर्षांनी वर येतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं. मी बरी होते, पण मनातून मी तेव्हापासून सुतकातच होते. एकदा मरणातून उठलेल्या माणसाला पुन्हा हे कशाला, म्हणून रोज कुणावर तरी चिडत होते.

"तुमच्याबरोबर ज्यांना हे औषध दिलं होतं, त्यांच्यातलं कुणी माहीत आहे?" डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं. "असेल तर त्यांना तपासून घ्यायला सांगा. लवकर कळलं तर बरंच करता येतं."

मला माहीत असलेली अशी एकच होती. अशी बातमी काय पोस्टाने पाठवायची? शहाऐंशीच्या डिसेंबरात रजा टाकली, नवी चप्पलजोड पिशवीत घातली आणि निघाले.

मार्वे

निघताना आईने दार अडवलं. "अगो, तुका गप घरात बसूक काय होता? पाण्यातसून जावचा, वाळयेतसून चलाचा. पडलंस म्हणजे?" पडले तर उठेन, म्हटलं. आईने पिशवीत बिनमिठाच्या दशम्या कोंबल्या आणि देवाला हात जोडले. दशम्यांची चव त्या खाल्ल्याशिवाय कळायची नाही आणि कुणी खाऊ नयेत.

मार्व्याच्या धक्क्यावर भरती ओसरत होती. बोट खाली गेलेली, मध्ये शेवाळलेल्या पायऱ्या, आणि बोटीत मासे विकून परतणाऱ्या बायकांच्या रिकाम्या टोपल्या. बोटवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाय, तुम्ही हलू नका. आम्ही दोघं उचलून ठेवतो."

"मी काय टोपली आहे?" मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. कारण दुसऱ्याच पायरीवर माझी एक कुबडी सटकली, माझ्या हातातून सुटली आणि सरळ खाडीत गेली. मी धपकन बोटीच्या फळीवर आदळले. लागलं नाही, फक्त ऐट उतरली. कुबडी लाकडाची, ती कशाला बुडते? ओहोटीबरोबर ती छान समुद्राकडे निघाली. "धर, धर!" म्हणून सगळी बोट ओरडायला लागली. बोटवाल्याने शिव्या देत इंजिन चालू केलं, बोट वळवली आणि सगळ्या उतारूंसकट आम्ही माझ्या कुबडीचा पाठलाग केला. एका दणकट कोळणीने वाकून ती पाण्यातून खेचली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"घे गं बाय तुझं वल्हं," ती म्हणाली.

पलीकडे पोचल्यावर दोघांनी मला उचलून धक्क्यावर ठेवलं. टोपलीसारखं.

मनोरी

फिलू न्यायला येईल असं धरून मी चाललेली. आला तो तिचा नवरा आंतोन. उंच, काळासावळा, भावाबरोबर होडी चालवणारा आणि बोलायचं झालं तर आधी घसा साफ करणारा माणूस. घरामागच्या दोन खोल्या तो सुट्टीला येणाऱ्या वांद्र्याच्या लोकांना देतो आणि त्यांचं जेवण फिलू करते.

"ती घरी हाय," तो म्हणाला. "हल्ली बंदरापरतं येत नाय."

"का?"

"कुबडी खुपते म्हणते."

ही सबब माझ्या ओळखीची होती.

मनोरी मात्र मला बघताक्षणी आवडली. आमच्या मालवणाकडच्यासारखेच माड, तशीच विहीर, तशीच लाल कौलं, पण तुळशीच्या जागी अंगणात पांढरा क्रूस आणि त्याला झेंडूची माळ. लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या क्रूसासमोर दिवा लावतात आणि मराठीतच गाऱ्हाणं घालतात. बांबूंच्या उभ्या-आडव्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीने वाळत होते. वास असा, की तासाभराने तो येईनासा झाला तेव्हा मला नाकाचीच काळजी वाटली.

फिलू दारात उभी होती. तीच मिस्कील, तिरपी मान. अंगाने सुकली होती, पण चेहरा भरल्यासारखा. दोन कुबड्यांवरच्या दोन बायका एकमेकींना मिठी मारायला गेल्या की काय होतं ते सांगत नाही. आंतोनने चारही कुबड्या उचलल्या.

जेवायला बसल्यावर मी घाबरत घाबरत मिठाचं सांगितलं.

"मीठ नाय?" फिलू ओरडलीच. "मग खाणार काय, हवा? आमच्याकडे माशाला मीठ, भाताला मीठ, कैरीला मीठ. मीठ नाय लावलं तर बोंबील टिकतो काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कसला डॉक्टर?"

"नंतर सांगते," मी म्हटलं. जेवताना मला ते सांगायचं नव्हतं.

तिने माझ्यासाठी ताजी बोयटं, खाडीतली मासळी, वेगळी शिजवली. त्यात त्यांचा तो बाटलीत ठासून भरतात तो मसाला, चिंच आणि नारळाचं दूध. मिठाची आठवण झाली, नाही असं नाही, पण आमच्याकडच्या तिरफळ घातलेल्या आमटीच्या तोडीचं ते कालवण होतं. बरोबर फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोल गोळे, आत पोकळ आणि लुसलुशीत. नाताळ जवळ आलेला, त्यामुळे शेजारच्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या घरी बसून गोडाधोडाचं करत होत्या. आपल्याकडे दिवाळीच्या चकल्या शेजारीण करते तेव्हा आपण फक्त वासावर असतो. इथे अख्खी आळी एकाच कढईभोवती बसते, आणि ज्या घरात कढई असते तिथल्या सुनेची उणीदुणी त्या दिवसापुरती माफ असतात. ही पद्धत मुलुंडला आणायला हवी.

दुपारी फिलू अंगणात तिच्या लेकीला, त्रेझाला, घेऊन बसली. पोरगी सहा वर्षांची. फिलू तिला स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवत होती. इवल्या हातांना मागे पुरेना, पेड सुटायचे, पोरगी रडकुंडीला आली.

"अगं, तू घाल ना. इतकी काय घाई आहे?" मी म्हटलं.

"यायला पायजे तिला," फिलू म्हणाली आणि पेड पुन्हा सोडले.

मला ते जरा कठोर वाटलं. मग आम्ही आत लवंडायला गेलो. मी पाठीखाली माझ्या तीन उश्या रचल्या. फिलूने जाळ्यांचं गाठोडं भिंतीला लावलं आणि त्याला टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटले. तिचा श्वास ऐकू येत होता. मला झोप लागली नाही.

उठल्यावर चहा झाला आणि मी पिशवीतून चप्पल काढली. पूर्वी तपासणीच्या दिवशी व्हायचा तसाच सोहळा. माझी उजवी मी पायात घातली, अगदी बरोब्बर. फिलूने डावी घातली आणि पट्टा पुढे जाईना.

"मुलुंडची चप्पल लहान आली यंदा," ती हसली.

"घाटकोपरची. आणि जोडीतलीच आहे, बघ, मला होते."

"मग मी जाडी झाली."

जाडी? हाताच्या काड्या झालेल्या. मी खाली वाकले, तिच्या पावलावर, घोट्याच्या वर, अंगठा दाबून धरला आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खळगा राहिला आणि भरून यायला वेळ लागला. माझ्या पायावर डॉक्टरीणबाईंनी असाच अंगठा दाबला होता. फिलूने पाय मागे घेतला आणि परकर खाली ओढला.

"उभी राहून राहून सुजतो," ती म्हणाली. "एकाच पायावर सगळं वजन, सुजणार नाय तर काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरामागच्या सुरूंच्या रांगेत, वाळूवर जाऊन बसलो. वाळूत कुबडीचं टोक वीतभर आत जातं आणि उपसून काढताना दर पावलाला चिखलात भात लावल्यासारखं वाटतं. थोडंसंच अंतर, पण फिलू तीनदा थांबली. ओठ निळसर झाले होते.

मग मी सगळं बोलून घेतलं. माझा जिना, माझ्या कुबड्या, लाल औषध, हृदय. दोन दिवस मनात पाठ केलेलं भाषण होतं. "तुझी कुबडी नाही दमवत तुला," मी शेवटी म्हटलं. "मीही तेच समजत होते. वर्षभर रबरं बदलत बसले."

फिलू समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "कुबडीचं मी आंतोनला सांगते. मला ठाऊक हाय कुबडी नाय ते."

"मग?"

"छातीत आलाय तो परत."

मला कळायला एक क्षण लागला. मग सगळं कळलं. आमच्या वॉर्डात हे सगळ्यांनाच माहीत होतं. हाडातला हा आजार परत आला की छातीत येतो. समोरच्या खाटेवरच्या मुलीला खोकला आला होता, मग तिला दम लागायला लागला, मग ती खाट रिकामी झाली. खोकला आला की आम्ही दोघी उशीत तोंड घालून खोकायचो.

"कधीपासून वाटतंय तुला असं?"

"गेल्या पावसाळ्यापासून. झोपली की गुदमरते. मग मी म्हटलं, आता दवाखान्यात जाऊन काय करायचं? ते सांगणार, आंतोन रडणार, होडी विकणार, परत ती सुई, परत केस जाणार. आणि शेवटी काय? त्यापेक्षा नाताळ होऊ दे. पोरीला वेणी घालायला यायला लागली की झालं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. काल त्या पोरीच्या वेणीवर मी तोंड उघडलं होतं, ते आठवून जास्तच आलं. फिलूच मला थोपटायला लागली. म्हणजे कोण कुणाला धीर द्यायला आलं होतं, बघा.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. तिचं बरोबर असलं तर? मी काय डॉक्टर आहे? पण मग मला एक गोष्ट सुचली.

"माझ्या काल तीन उश्या बघितल्यास ना?" मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी मी पण बसून झोपत होते. आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी चप्पल रुतायची. तुला होतं ना, ते सगळं तसंच. आणि माझ्या छातीचा फोटो काढला तेव्हा त्यात एक ठिपका नव्हता."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "तू पण बसून झोपायची?"

"भिंतीला टेकून. आईला सांगायचे, पाठ दुखते."

ती हाताने वाळू उकरत राहिली. मग म्हणाली, "आणि तुझ्यासारखं नसलं तर?"

"तर मी इथेच राहीन. रजा वाढवीन. वेणी मी घालीन तिला."

"तुला येते काय नीट? केसांची वाट लावशील तिच्या," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी डोळे पुसत हसलो. माझ्या डॉक्टरीणबाई गुरुवारी बोरिवलीच्या एका दवाखान्यात बसतात हे मला माहीत होतं. उद्या गुरुवार होता.

आंतोनला सांगायचं काम मी तिच्यावर सोडलं आणि मुद्दाम अंगणात जाऊन बसले. आतून फिलूचाच आवाज येत होता. मग आंतोन बाहेर आला, घसा साफ केला. "ती झोपत नाय तेव्हा मी पण झोपत नाय," तो म्हणाला. "ती समजते मी घोरतोय. विचारायला भ्यालो मी." एवढं बोलून तो सकाळचा टांगा सांगायला गेला.

गोराईच्या वाटेवर

मनोरीहून गोराईला टांग्याने जायचं आणि तिथून खाडी ओलांडून बोरिवली. त्रेझाला शेजारणीकडे ठेवलं. टांग्याचा घोडा म्हातारा होता आणि टांगेवाला त्याच्याशी घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं "चला आता, उठा" करत बोलत होता. आम्ही दोघी मागच्या बाजूला, चार कुबड्या आडव्या मांडीवर घेऊन. रस्त्यात भेटेल तो माणूस फिलूला "काय गं, बाजार काय?" विचारी आणि ती "होय, बाजार" म्हणत होती.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाल-वांग्यांचे मळे आणि मग मिठागरं. चौकोनी वाफ्यांत पाणी आणि काठाने पांढरेशुभ्र ढीग.

"सुमे, बघ," फिलू म्हणाली. "तुझा दुश्मन."

टांगेवाल्याने दचकून मागे बघितलं. आम्ही त्याला काही समजावून सांगितलं नाही. गोराईच्या बंदरात बोटीत चढताना मी आपण होऊन हात वर केले आणि "उचला" म्हटलं. फिलूलाही उचललं. बोटीत तिने माझा हात धरला तो पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. खाडीतलं तिवराचं हिरवं रान दोन्ही बाजूंना होतं, बगळे होते, ऊन छान होतं. एरवी मी त्याचं वर्णन केलं असतं. त्या दिवशी मी फक्त तिचा श्वास ऐकत होते आणि मनात माझ्या सगळ्या देवांना, आणि धाडस करून तिच्याही देवाला, सांगत होते की हृदय असू दे. माणसाने मैत्रिणीसाठी असलं काही मागावं, हे मला कधी खरं वाटलं नसतं.

बोरिवली

दवाखान्यात बाकं, फिनेलचा वास आणि भिंतीवर कुटुंबनियोजनाचं चित्र. नंबर आला. डॉक्टरीणबाई नेटक्या, तोडून बोलणाऱ्या आणि हाताने फार हळुवार आहेत. त्यांनी फिलूची पाठ ऐकली, छाती ऐकली, मानेची शीर निरखली, पाय दाबला. हृदयाचा आलेख काढला. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो ओलाच हातात घेऊन आम्ही परत आलो. फिलूने तो पालथा धरला होता. आंतोन बाहेरच थांबला. आम्हाला आत बोलावलं तेव्हा मला जावंसं वाटेना.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर लावला आणि बघत राहिल्या. फिलू जमिनीकडे बघत होती.

"फुप्फुसात काही नाही," त्या म्हणाल्या.

फिलूने मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे जुना आजार छातीत आलेला दिसत नाही. त्या जुन्या डॉक्टरांनाही हा फोटो दाखवून घेऊ, पण मला त्याची शंका नाही. हे बघा, हे तुमचं हृदय. आकाराने मोठं झालंय. थकलंय. त्याच्याने रक्त पुढे ढकललं जात नाही, अंगात पाणी साचतं, म्हणून पायाला सूज आणि आडवं झालं की दम. तुमच्या मैत्रिणीसारखंच. त्या औषधाने असं होऊ शकतं."

"तो परत आला नाय?"

"नाही."

"फक्त हृदय हाय?"

"बाई, हृदयाला फक्त म्हणत नाहीत," डॉक्टरीणबाई जरा कडक आवाजात म्हणाल्या. "हे गंभीर आहे. पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. पण औषधांनी सूज उतरेल, झोप लागेल, आणि सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं नीट काढता येतील. पाण्याचे हंडे उचलायचे नाहीत. दर महिन्याला यायचं. कळतंय का मी काय सांगतेय?"

फिलू हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग ती दम लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. डॉक्टरीणबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, या बाईला काही समजलेलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हृदय बिघडल्याची बातमी ऐकून असं हसलेलं माणूस त्यांनी बघितलं नसणार.

"तिला समजलंय," मी म्हटलं.

खरं तर समजायचं मलाच राहिलं होतं. हेच हृदय, हाच फोटो, याच गोळ्या घेऊन मी दोन वर्षं तोंड पाडून बसले होते. फिलूला तेच मिळालं आणि तिला लॉटरी लागली. माझी बातमी काही बदलली नव्हती. पण त्या टेबलाशी बसल्या बसल्या ती मला पहिल्यांदाच वाईट वाटेनाशी झाली. मला एकाएकी खूप भूक लागली.

बाहेर आंतोन भिंतीला टेकून उभा होता. आतलं हसणं त्याने ऐकलं होतं आणि ते रडणं आहे असं धरून तो पांढरा पडला होता. फिलू दाराबाहेर आली आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आंतोन! हृदय खराब झालंय माझं!"

बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. एका म्हाताऱ्याने हळहळून जीभ चुकचुकवली. आंतोन तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती का आनंदलीय ते त्याला कळेना, पण ती आनंदलीय एवढं कळलं, आणि तो तिथेच बाकाच्या कडेला बसला. घसा साफ केला. पुन्हा केला.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"गोळ्या खायच्या," फिलू म्हणाली, "आणि म्हातारं व्हायचं."